पिंजऱ्यातला माणूस आणि सिंह: सर्कशीच्या जुन्या छापचित्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या बाजारातून घेतलेलं, आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं किंवा परदेशी लिलावातून मागवलेलं सर्कशीतल्या वाघसिंहांचं छापील चित्र हाती आलं की साधारण हेच प्रश्न येतात. सोपे आधी, अडचणीचे नंतर असे लावले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे चित्र हाताने काढलेलं आहे की छापलेलं? आणि छापलेलं असेल तर 'ओरिजिनल' कसं?

बहुतेक वेळा छापलेलंच असतं. लाकडाच्या ठोकळ्यावर, तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर, नाहीतर चुनखडीच्या शिळेवर चित्र उतरवायचं, शाई लावायची आणि कागदावर उठवायचं, अशी ही रीत. त्यामुळे एकाच चित्राच्या शेकडो, कधी हजारो प्रती निघत. छापचित्राच्या बाबतीत अस्सल म्हणजे त्या काळी मूळ ठोकळ्यावरून, पत्र्यावरून किंवा शिळेवरून काढलेली प्रत. नंतर फोटो घेऊन छापलेली ती नक्कल, तिचा कागद कितीही पिवळा दिसो. शिळाछाप हा शब्द आपल्याला जुन्या पोथ्यांमुळे ओळखीचा आहे. लिथोग्राफ म्हणजे तेच तंत्र.

२. सुरुवातीच्या सर्कशीत वाघसिंह होते का?

नव्हते. फिलिप अ‍ॅस्टलीने १७६८ मध्ये लंडनमध्ये गोल रिंगणात घोडेस्वारीचे खेळ सुरू केले, तिथून आधुनिक सर्कशीची गणना होते. त्या सर्कशीचा कणा घोडाच होता. रिंगणाचा पुढे रूढ झालेला ४२ फूट व्यासही गोल धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभ्या स्वाराला तोल सांभाळता यावा म्हणून ठरला. वाघसिंह वेगळ्या धंद्यात होते: गावोगाव, जत्रेजत्रेला फिरणाऱ्या प्राणिसंग्रहांत. इंग्लंडात जॉर्ज वूम्बवेलचा असा संग्रह प्रसिद्ध होता. तिथे लोक पैसे देऊन पिंजऱ्यातले प्राणी पाहत. माणूस पिंजऱ्यात शिरू लागला आणि ते दृश्य नाटकगृहात, मग सर्कशीत आलं ते मुख्यतः १८३० नंतर.

म्हणून विक्रेता 'अठराव्या शतकातली सर्कस, सिंहाचा खेळ' असं सांगत असेल तर आधी साल तपासा. बहुधा ते पन्नास-साठ वर्षांनी अलीकडचं निघतं.

३. माझ्या चित्रात रोमन पोशाखातला तरुण पिंजऱ्यात सिंहाला टेकून पहुडला आहे आणि जवळ कोकरू आहे. हा कोण?

जवळजवळ नक्की आयझॅक व्हॅन अ‍ॅम्बर्ग. हा अमेरिकन, न्यूयॉर्क राज्यातल्या फिशकिलचा. १८३८ मध्ये तो लंडनला आला, आधी अ‍ॅस्टलीच्या रंगमंचावर आणि मग ड्ररी लेन नाट्यगृहात त्याचे खेळ झाले. जानेवारी १८३९ मध्ये राणी व्हिक्टोरिया त्याचा खेळ पाहायला पुन्हा पुन्हा गेली आणि तिने एडविन लँडसीअरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. १८३९ चं ते तैलचित्र आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. सिंह, वाघ, बिबटे आणि मध्ये कोकरू घेऊन पहुडलेला माणूस, ही रचना त्यामुळे सगळीकडे पसरली. स्वस्त लिथोग्राफ, नाटकाच्या जाहिराती, स्टॅफर्डशायरच्या चिनी मातीच्या बाहुल्या, सगळ्यांत ती दिसते.

कोकरू उगाच नाही. सिंह आणि कोकरू एकत्र नांदतील ही बायबलमधली कल्पना तेव्हाच्या प्रेक्षकाला पाठ होती. व्हॅन अ‍ॅम्बर्गने ती पिंजऱ्यात उभी केली. कधी कोकराऐवजी लहान मूल असतं.

चित्रातला माणूस उभा असेल, हात पुढे रोखलेला असेल आणि प्राणी मागे सरून दबले असतील तर ती रचना लँडसीअरच्याच दुसऱ्या चित्राशी जुळते. ते ड्यूक ऑफ वेलिंग्टनसाठी काढलेलं आणि १८४७ मध्ये प्रदर्शित झालेलं. आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. या दोन चित्रांतला फरक प्रश्न ७ मध्ये कामाला येईल.

४. चित्राखाली 'मैसूर' आणि 'हैदर अली' अशी नावं आहेत. म्हणजे हे भारतातलं दृश्य आहे का?

नाही, हा पॅरिसचा रंगमंच आहे. आंरी मार्तें या फ्रेंच पशुशिक्षकाने १८३१ मध्ये पॅरिसच्या सर्क ओलिंपिकमध्ये 'मैसूरचे सिंह' या नावाचं नाटक केलं आणि त्याच वर्षी ते ड्ररी लेनला हैदर अलीच्या नावाने आलं. ताडाची झाडं, फेटे, कमानी हा सगळा पडद्यावर रंगवलेला देखावा. मैसूर दरबाराशी जोडलेला प्राणी खरं तर वाघ. टिपूचं चिन्हच वाघ होतं. पण मार्तेंकडे शिकवलेले सिंह होते, म्हणून नाटकात सिंह आले. मार्तें पुढे रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयाचा पहिला संचालक झाला.

'हिंदू', 'नबाब', 'बंगालचा राजकुमार' अशा बिरुदांवरही लगेच विश्वास ठेवू नका. युरोपात एकोणिसाव्या शतकभर अशी बिरुदं जाहिरातीसाठी वाटेल तशी लावली जात.

५. साल छापलेलं नाही. चित्रातल्या गोष्टींवरून काळ कसा ठरवायचा?

सगळ्यात आधी पिंजरा पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पिंजरा म्हणजे चाकांवरचा लांबट डबा किंवा रंगमंचावर ठेवलेली आयताकृती पेटी, उंची माणसापेक्षा थोडीच जास्त, दार एका टोकाला. माणूस वाकून आत शिरतो आणि प्राण्यांना पळायला जागा नसते. रिंगणभर उभारलेला मोठा गोल पिंजरा, आत वेगवेगळ्या उंचीचे चौरंग आणि त्यावर बसवलेले प्राणी, हे दृश्य १८८० च्या दशकाच्या शेवटापासूनचं. हॅम्बुर्गचा प्राणिव्यापारी कार्ल हागेनबेक याने ती पद्धत रूढ केली. म्हणून गोल पिंजरा असलेल्या चित्राला कोणी '१८४०' म्हणत असेल तर ते मानू नका. डब्याचा पिंजरा मात्र पुढेही जत्रांत टिकला, त्यामुळे तो दिसला म्हणजे चित्र जुनंच असं उलटं अनुमान करता येत नाही.

मग पोशाख. रोमन किंवा मध्ययुगीन नाटकी कपडे १८३०-४० च्या दशकांत. हुस्सार सैनिकाचा आडव्या गोंड्यांचा कोट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट हे शतकाच्या उत्तरार्धात सर्रास. बिदेल आणि पेझों या फ्रेंच पशुशिक्षकांच्या काळात हीच ऐट होती.

हातात काय आहे? लोखंडी कांब, जाड दांडा, छोटा चाबूक हे जुन्या चित्रांत. एका हातात खुर्ची आणि दुसऱ्यात चाबूक ही आपल्या डोळ्यांपुढची ठरलेली मूर्ती विसाव्या शतकातली, अमेरिकन पशुशिक्षक क्लाइड बीटीमुळे घराघरांत गेलेली. १८५० च्या म्हणवणाऱ्या चित्रात खुर्ची ढालीसारखी धरलेली असेल तर ते नंतर कोणीतरी कल्पनेने काढलेलं आहे.

प्राण्यांच्या चेहऱ्यावरून काळ ठरवू नका. सिंहाला माणसासारख्या भुवया देण्याची सवय चित्रकारांत शंभर वर्षं टिकली, आणि बिबट्याच्या जागी पट्टे-ठिपक्यांची सरमिसळ केलेला प्राणीही सापडतो. चित्रकाराने प्राणी प्रत्यक्ष पाहिला नव्हता एवढंच त्यातून कळतं.

६. पिंजऱ्यात बाई आहे. बायका हे काम करत होत्या का?

हो. इंग्लंडातल्या फिरत्या प्राणिसंग्रहांत १८४० च्या दशकात 'लायन क्वीन' म्हणून तरुण मुलींना पिंजऱ्यात पाठवण्याची चढाओढ लागली. वूम्बवेलच्या संग्रहातली एलेन ब्राइट ही सतरा वर्षांची मुलगी जानेवारी १८५० मध्ये चॅथम इथे वाघाच्या हल्ल्यात मेली. त्या घटनेची चित्रं छापली आणि विकली गेली. अशा चित्राखाली बातमी असेल तर ती कापून टाकू नका. चित्राइतकीच ती मोलाची आहे.

कृष्णवर्णीय पशुशिक्षकाचं चित्र असेल तर मार्टिनी मॅकोमो हे नाव तपासा. मँडर्सच्या फिरत्या प्राणिसंग्रहात तो गाजला आणि १८७१ मध्ये इंग्लंडातल्या संडरलँडला वारला. त्याच्याशी झुंजलेला म्हणून ओळखला जाणारा वॉलेस नावाचा सिंह पेंढा भरून तिथल्या संग्रहालयात ठेवलेला आहे.

७. चित्रात प्राणी इतके शांत कसे? त्यांना खरंच लळा होता का?

चित्र ही जाहिरात होती, हे धरून पाहिलं की उत्तर सापडतं. व्हॅन अ‍ॅम्बर्गची ख्याती लोखंडी कांबेने मारून वचक बसवण्याची होती. इतरांकडे तापवलेल्या सळया पिंजऱ्याजवळ तयार असत. मांडीवर डोकं ठेवलेला सिंह हा पुष्कळदा अशा वचकाने मलूल झालेला प्राणी. लँडसीअरची दोन चित्रं शेजारी ठेवा: १८३९ मध्ये प्राणी घरच्या मांजरांसारखे लवंडले आहेत, १८४७ मध्ये तेच माणसाच्या बोटापुढे कोपऱ्यात दबले आहेत. दुसरं जास्त खरं आहे.

छापचित्रात शोधायच्या जागा: पिंजऱ्याची लांबी आणि आतल्या प्राण्यांची संख्या यांचं प्रमाण, मागे दुमडलेले कान, पोटाखाली घेतलेली शेपटी, बाहेर सळी घेऊन उभा मदतनीस. पिंजऱ्यासमोर कधीकाळी बसलेल्या एखाद्या चित्रकाराने हे तपशील इमानाने नोंदवले आहेत. हागेनबेकने मार कमी करून मांसाच्या तुकड्याने शिकवण्याचा पुरस्कार केला, पण त्याच्याकडचे प्राणीही रानातून पकडून आणलेलेच होते.

आपल्याकडे १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवण्यावर आणि दाखवण्यावर बंदी आली, ती २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. चित्र जवळ ठेवायला, विकायला किंवा भिंतीवर लावायला मात्र कोणतीही बंदी नाही.

८. भिंगाने छपाईची पद्धत कशी ओळखायची?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजींकडचं चालतं. चित्र चौकटीतून बाहेर काढा, काचेवरून तपासणी होत नाही. उजेड आधी सरळ वरून आणि मग कागदाला जवळजवळ समांतर, बाजूने टाका.

काळ्या रेषा कागदात किंचित दबलेल्या आणि मध्ये पांढऱ्या बारीक कोरलेल्या रेषा दिसत असतील तर ते लाकडी ठोकळ्यावरचं कोरीवकाम. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे साप्ताहिक १८४२ मध्ये निघालं, त्यातली सुरुवातीच्या दशकांतली चित्रं अशीच आहेत. हे ठोकळे बॉक्सवूड या झाडाच्या आडव्या कापाचे. त्या झाडाचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे बोल्टने जोडत आणि वेगवेगळ्या कारागिरांना वाटून देत. जोड नीट बसला नाही तर चित्रभर सरळ, केसाएवढी पांढरी रेघ उमटते. पुष्कळ जण ती घडी समजतात. ती रेघ अस्सलपणाच्या बाजूची खूण आहे.

रेषा कागदाच्या वर उचललेल्या, बोटाला किंचित खरखरीत लागत असतील आणि चित्राभोवती आयताकृती दाबाचा खळगा असेल तर ते तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावरचं. अतिशय बारीक, समान, करड्या झाक असलेल्या रेषा बहुधा पोलादावरच्या, म्हणजे १८२० नंतरच्या. समास कापला असेल तर दाबाची खूण गेलेली असते. तिच्या नसण्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका.

खडूने खरवडीत कागदावर काढावं तसे अनियमित दाणे, दाब नाही, उठाव नाही: लिथोग्राफ. रंगीत असेल आणि प्रत्येक रंगाचे ठिपके वेगवेगळ्या आकाराचे, हाताने टाकल्यासारखे, एकमेकांवर चढलेले असतील तर क्रोमोलिथोग्राफ. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. रंग कडेला अर्धा मिलिमीटर सरकलेले दिसतात, तेही चांगलं लक्षण. रविवर्मा प्रेसची देवादिकांची चित्रं भिंगाखाली पाहिली असतील तर हे दाणे लगेच ओळखाल.

ठिपके एकसारख्या ओळींत, जाळीसारखे असतील तर हाफटोन, म्हणजे साधारण १८९० नंतरची फोटोवरून छपाई. निळा, लाल, पिवळा, काळा असे ठिपके छोट्या फुलासारखे गोल मांडलेले दिसले तर ती आधुनिक ऑफसेट नक्कल, चर्चा संपली.

अडचणीचा अपवाद एक आहे. फोटोग्रॅव्हूर या पद्धतीत जाळी दिसत नाही आणि दाबाची खूणही असते. तिथे रेषेकडे पाहा: हाताने कोरलेली रेष टोकाला निमुळती होत सुटते, फोटोग्रॅव्हूरमधली बारीक दाण्यांची बनलेली असते.

९. खाली बारीक अक्षरांत 'डेल.', 'स्कल्प.' असं काहीतरी आहे. ही सही का?

सही नाही, कामाची वाटणी आहे. ही लॅटिन शब्दांची छोटी रूपं. 'पिंक्स.' म्हणजे मूळ रंगचित्र कोणी काढलं, 'डेल.' म्हणजे रेखाटन कोणाचं, 'स्कल्प.' म्हणजे कोरलं कोणी, 'लिथ.' म्हणजे शिळेवर कोणी उतरवलं, 'इम्प.' म्हणजे छापलं कोणी. चित्रकाराचं नाव बहुधा डावीकडे, कोरणाऱ्याचं उजवीकडे. मधल्या ओळीत प्रकाशकाचं नाव, रस्ता आणि तारीख असेल तर ती ब्रिटनमधल्या अठराव्या शतकातल्या हक्ककायद्यामुळे. काळ ठरवायला याहून चांगला पुरावा नाही. काही फ्रेमवाले नेमकी हीच पट्टी माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या खिडकीखाली) झाकतात किंवा कापतात, म्हणून फ्रेमला देण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.

जर्मन पोस्टर असेल तर खालच्या कडेला अनुक्रमांक शोधा. हॅम्बुर्गच्या अडॉल्फ फ्रीडलेंडरच्या छापखान्यात १८७२ ते १९३५ या काळात सर्कशीची आणि करमणुकीची नऊ हजारांवर पोस्टरं छापली गेली. त्यांवर क्रमाने आकडे आहेत, आकड्यावरून वर्ष लागतं.

१०. मागच्या बाजूला भलताच मजकूर छापलेला आहे. चित्र खोटं आहे का?

उलट. ते साप्ताहिकातलं पान आहे आणि मागचा मजकूर हा अस्सलपणाचा पुरावा. त्या मजकुरातल्या बातमीवरून अंकाचा महिना शोधता येतो. नकला बहुधा मागून कोऱ्या असतात. मात्र साप्ताहिकांच्या प्रती प्रचंड निघत, त्यामुळे 'दुर्मिळ' म्हणून मोठी किंमत कोणी मागितली तर देऊ नका.

११. रंग मूळचे आहेत की नंतर कोणी भरले?

इंग्रजी साप्ताहिकांची पानं काळी-पांढरीच निघत. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने रंगीत छपाई पहिल्यांदा १८५५ च्या नाताळ अंकात केली. म्हणून १८४० च्या दशकातलं त्याचं पान रंगीत असेल तर रंग नंतरचे, बऱ्याचदा अगदी अलीकडचे. सुटी विकली जाणारी लिथोग्राफ आणि एचिंग (पत्र्यावर आम्लाने कोरलेली चित्रं) मात्र दुकानातच हाताने रंगवून मिळत, साधी स्वस्त आणि रंगीत महाग.

जुना जलरंग कागदात मुरलेला असतो आणि चित्राला बसलेल्या उन्हाबरोबर विटलेला असतो. माउंटखाली झाकलेला भाग जास्त ताजा दिसतो. नवा रंग सगळीकडे सारखाच तेजस्वी, आणि जुन्या डागाच्या किंवा फाटलेल्या कडेच्या वरून गेलेला असतो. फाटीच्या आत रंग उतरला असेल तर फाटल्यानंतर रंगवलं आहे, दुसरं स्पष्टीकरण नाही. ओलं बोट लावून तपासू नका. डिंकातला जुना रंग लगेच सुटतो आणि डाग कायमचा राहतो.

१२. कागदावरून खरं-खोटं कळतं का?

बरंच कळतं. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च टाका, नोटा तपासायचा चालतो. कागद निळसर-पांढरा झळाळला तर त्यात उजळ करणारी रसायनं आहेत आणि ती साधारण १९५० नंतर कागदात आली. जुन्या पत्र्यावरून नव्या कागदावर काढलेल्या प्रती याच चाचणीत पकडल्या जातात, कारण भिंगाखाली त्या अस्सलच दिसतात.

चिंध्यांच्या लगद्याचा जुना कागद दीडशे वर्षांनीही लवचीक असतो. लाकडाच्या लगद्याचा, विशेषतः १८७० नंतरच्या वृत्तपत्रांचा कागद आम्लामुळे तपकिरी होतो आणि घडीवर तुटतो. पॅरिसच्या 'ल पती जुर्नाल'च्या १८९० नंतरच्या रंगीत पुरवण्या, ज्यांच्या पहिल्या पानावर पशुशिक्षकावरच्या हल्ल्यांची भडक चित्रं येत, अशाच कागदावर आहेत. त्या उलगडताना खाली कडक पुठ्ठा सरकवा, कोपरा धरून उचलू नका.

चहात बुडवून जुना केलेला कागद दोन्ही बाजूंनी एकसारखा रंगतो. खरा म्हातारा कागद कडांना जास्त आणि मध्ये कमी रंगलेला असतो.

१३. १९४० च्या दशकातलं अमेरिकन पोस्टर आहे, त्यावर दामू धोत्रे यांचं नाव आहे. हे 'अँटिक' का?

शंभर वर्षांचा निकष लावला तर अजून नाही. त्याला जुनं संग्राह्य पोस्टर म्हणा. पण मराठी संग्राहकाला याचं मोल वेगळं आहे. पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेले धोत्रे रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सर्कशीत वाघ-बिबट्यांचे खेळ करत होते. पोस्टरच्या खाली गावाचं नाव आणि तारखेची वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर ती सुटू देऊ नका. या पोस्टरांच्या ऑफसेट नकला पुष्कळ फिरतात. प्रश्न ८ आणि १२ मधल्या चाचण्या करा.

१४. 'छत्रे सर्कशीचं मूळ चित्र' म्हणून विकायला आलं आहे. कसं पारखावं?

विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये आपली सर्कस सुरू केली, ती पहिली भारतीय सर्कस मानली जाते. त्यामुळे १८८० च्या आधीची तारीख सांगितली तर तिथेच थांबा. दुसरी गोष्ट, युरोपातले छापखाने तयार पोस्टरं विकत. चित्र आधी छापलेलं, नावासाठी वर किंवा खाली जागा कोरी. मग ज्या सर्कशीने घेतलं तिचं नाव टायपाने छापायचं. म्हणून चित्र एका छपाईचं आणि नाव दुसऱ्या छपाईचं असणं हा दोष नाही, पण नावाची शाई भिंगाने जरूर पाहा. टायप कागदात दाबलेला हवा आणि त्याची शाई चित्राच्या शाईइतकीच जुनी, मुरलेली दिसायला हवी. संगणकावरून छापलेलं नाव सपाट असतं, अक्षरांच्या कडेला पावडरीचे कण दिसतात. मराठी मजकूर असेल तर अक्षराचं वळण आणि शुद्धलेखनही पाहा: 'करितां', 'आहे कीं' अशा अनुस्वारांच्या जागी आजचं लेखन असेल तर शंका घ्या.

१५. तांबूस ठिपके पडले आहेत. घालवता येतील का?

येतील, पण घरी नाही. हे ठिपके बुरशी आणि कागदातले लोहाचे कण यांमुळे येतात. ब्लीचिंग पावडर किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करून देणारे भेटतात. चित्र चार महिने छान दिसतं, मग त्या रसायनाचा उरलेला अंश कागदाचे तंतू खातो आणि रंगही उडालेले असतात. कोरडी धूळ मऊ, रुंद कुंचल्याने झाडा, आतून बाहेर. हाताने रंगवलेल्या भागावर खोडरबर फिरवू नका. ठिपके चित्रातल्या चेहऱ्यावर नसतील तर तसेच राहू द्यावेत असं आमचं मत आहे. काढायचेच असतील तर संग्रहालयासाठी कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा.

१६. फ्रेम कशी करून घ्यायची?

फ्रेमवाल्याला तोंडी सांगून भागत नाही, समोर बसून करून घ्या. चित्र कशालाही पूर्ण चिकटवायचं नाही: फेव्हिकॉल नाही, दुतर्फा टेप नाही, सेलोटेप तर नाहीच. सेलोटेपचा चिकटा काही वर्षांत कागदात उतरतो आणि पिवळा डाग निघत नाही. लॅमिनेशन केलं की चित्र संपलं.

मागे आम्लरहित पुठ्ठा, पुढे त्याच पुठ्ठ्याची खिडकी. चित्र मागच्या पुठ्ठ्याला फक्त वरच्या कडेवर, दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या बिजागऱ्यांनी लटकवायचं. खालची कड मोकळी, कारण हवा दमट झाली की कागद फुगतो आणि चारही बाजू धरल्या तर लाटा येतात. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ: एक भाग सत्त्व, चार ते पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास ढवळत शिजवायची आणि गाळून, गार करून वापरायची. बुकबाइंडरकडची तयार खळ घेऊ नका. कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात आणि तांब्याचा क्षार कागद जाळतो.

काच चित्राला टेकता कामा नये. माउंटच्या जाडीने तीन-चार मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. अतिनील किरण अडवणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक घ्या. हाताने रंगवलेल्या चित्रावर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास असावा, म्हणजे खिडकीसमोरची भिंत बाद.

१७. पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नका. मुंबई-कोकणात तीच भिंत आधी ओल धरते. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की मागे हवा खेळते. सुटी चित्रं आम्लरहित कागदांत आडवी ठेवा, गुंडाळून नको. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेली ओल बाहेर जात नाही, बुरशी तिथेच फोफावते. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर उत्तम. घरी ते जमत नसेल तर निदान ती एकदम वर-खाली होऊ देऊ नका, दिवसा एसी आणि रात्री बंद हे कागदाला सोसत नाही. दर महिन्याला मागची बाजू पाहा. कसर आधी खळ आणि पृष्ठभाग कुरतडते, वाळवी लाकडी चौकटीतून येते. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका.

१८. किंमत कशावर ठरते?

प्रकार सर्वांत आधी: साप्ताहिकातलं पान स्वस्त, सुटं रंगवलेलं लिथोग्राफ त्याहून वर, मोठं क्रोमोलिथोग्राफ पोस्टर सर्वांत वर. पोस्टरं भिंतीवर डकवून फाटण्यासाठीच छापलेली, म्हणून ती कमी उरली. मग नाव: अनामिक पशुशिक्षकापेक्षा व्हॅन अ‍ॅम्बर्ग महाग. मग स्थिती. समास पूर्ण असणं, प्रकाशकाची ओळ शाबूत असणं आणि मूळ रंग, ही तीन असतील तर बारीक फाट चालते. मागून कापडावर चढवलेलं पोस्टर दोषी समजू नका. जुनी पोस्टरं वाचवायची ती मान्य रीत आहे.

१९. परदेशातून मागवताना किंवा बाहेर पाठवताना काय अडतं?

मागवताना विक्रेत्याला बिलावर वय आणि छपाईची पद्धत स्पष्ट लिहायला सांगा. सीमाशुल्काच्या वर्गवारीत मूळ एन्ग्रेव्हिंग आणि लिथोग्राफ ९७०२ खाली, शंभर वर्षांहून जुन्या वस्तू ९७०६ खाली येतात. नुसतं 'पोस्टर' लिहिलं तर साध्या छापील मालात जातं. फ्रेमशिवाय, दोन कडक पुठ्ठ्यांत सपाट मागवा.

बाहेर पाठवणं अवघड आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. चित्र परदेशात छापलेलं आहे म्हणून आपोआप सूट मिळेल असं धरू नका. वय कमी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्या.

२०. माझ्या चित्राचा फोटो पुस्तकात किंवा दिवाळी अंकात छापता येईल का?

चित्रकार वारल्यावर साठ वर्षं उलटली असतील तर भारतात हक्क संपलेला असतो; एकोणिसाव्या शतकातल्या चित्राला सहसा अडचण नाही. स्वतःच्या प्रतीचं ६०० डीपीआयला स्कॅन करा. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून उचललेल्या फोटोला मात्र त्या संस्थेच्या अटी लागू शकतात.

२१. तेच चित्र दोन ठिकाणी पाहिलं, पण एकात सिंह डावीकडे आणि एकात उजवीकडे. खरं कोणतं?

दोन्ही खरी असू शकतात. पत्र्यावर किंवा शिळेवर चित्र जसं काढलं त्याच्या उलटं कागदावर उमटतं. मूळ कोरणारा हे लक्षात घेऊन उलटं कोरायचा. गाजलेल्या चित्राची चोरून नक्कल करणारा घाईत छापील प्रत समोर ठेवून तशीच कोरायचा, म्हणून त्याच्या प्रतीत डावं-उजवं बदलतं. ती नक्कलही १८४० ची असेल तर आज संग्राह्य आहे, फक्त नोंदीत 'उलट नक्कल' असं लिहा. खूण तलवारीच्या किंवा चाबकाच्या हातावरून मिळते: माणूस डावखुरा दिसत असेल आणि कोटाची गुंडीपट्टी बायकांच्या बाजूने असेल तर तुमच्याकडची प्रत नकलेची. आधी प्रकाशकाची ओळ वाचा. नकला करणारे तिथे नाव टाळतात किंवा नुसतं गावाचं नाव देतात.